कोर्लईची ‘नौ लिंग’ : एका गावाची लोकसंख्या, भाषा आणि मोजणी

अलिबागहून मुरुडच्या रस्त्याला लागलं की चौल-रेवदंड्यानंतर कुंडलिकेचं पात्र आडवं येतं. पुलावरून साळावला उतरायचं आणि किनाऱ्याच्या कडेने पुढे निघायचं. थोड्याच वेळात उजव्या हाताला डोंगराची एक लांब, अरुंद सोंड समुद्रात गेलेली दिसते. तिच्या माथ्यावर कोर्लईचा किल्ला, पश्चिम अंगाला दीपगृह आणि पायथ्याशी कोर्लई गाव. तालुका मुरुड, जिल्हा रायगड. बाहेरून येणारे बहुतेक लोक किल्ल्यासाठी येतात, चढून-उतरून होतात आणि पुढे काशीदच्या वाळूकडे वळतात.

या गावातल्या काही घरांत एक अशी भाषा बोलली जाते जी जगात दुसऱ्या कुठल्याही गावाची नाही. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. यातला ‘लिंग’ आपल्या ओळखीचा संस्कृत शब्द नव्हे. पोर्तुगीज ‘लिंग्वा’ झिजून तो झाला आहे. ख्रिस्ती लोकांची म्हणून तिला ‘क्रिस्ती’ असंही नाव आहे, आणि अभ्यासकांच्या लेखी ती कोर्लई पोर्तुगीज किंवा कोर्लई क्रिओल. क्रिओल म्हणजे दोन समाज एकमेकांच्या भाषा न जाणता एकत्र आले की कामचलाऊ बोलणं सुरू होतं, आणि पुढची पिढी त्याच बोलण्याला आईच्या दुधासारखं घेऊन त्याची पूर्ण भाषा करते, ती. कोर्लईत ती बोलणाऱ्यांची संख्या अभ्यासकांनी साडेसातशे ते हजार यांच्या दरम्यान नोंदवली आहे.

गावाची माहिती लिहिताना आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं : गावाची लोकसंख्या इतकी, भाषा मराठी. कोर्लईबद्दल लिहिलं तर ते वाक्य खोटं ठरत नाही. नौ लिंग बोलणाऱ्यांनाही मराठी येते. बाजार, शाळा, तलाठी, एसटी, सगळं मराठीतच चालतं. तरीही त्या वाक्यातून गावातली सगळ्यात दुर्मीळ गोष्ट गळून पडते. ती नेमकी कुठे गळते आणि गळू नये म्हणून मोजणी कशी करायला हवी, हे पाहण्यासाठी मी हे गाव निवडलं.

जनगणनेला काय दिसतं

२०११च्या जनगणनेचे गावनिहाय तक्ते उघडले की प्रत्येक गावापुढे घरांची संख्या मिळते, स्त्रिया आणि पुरुष मिळतात, ० ते ६ वयाची मुलं मिळतात. अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या, साक्षर किती, काम करणारे किती, त्यांतले शेतकरी किती आणि शेतमजूर किती, हेही मिळतं. भाषा मात्र मिळत नाही. मातृभाषा प्रत्येक माणसाला विचारलेली असते, त्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषाही विचारलेल्या असतात, पण त्यांचे तक्ते गावाच्या पातळीवर प्रसिद्ध होत नाहीत. धर्माचंही तसंच. म्हणजे कोर्लईत ख्रिस्ती किती आणि त्यांच्या घरात कोणती भाषा आहे, हे दोन्ही प्रश्न दारात विचारले जातात, उत्तरं लिहून घेतली जातात आणि गावाच्या नावापुढे त्यांतलं काहीच उमटत नाही.

जनगणनेची मातृभाषेची व्याख्या मला मनापासून आवडते. लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. आई तान्हेपणीच गेली असेल तर लहानपणी घरात मुख्यतः जी बोलली जात होती ती. प्रगणकाला सूचना असते की समोरचा जे नाव सांगेल ते तसंच लिहायचं. ती भाषा की बोली याचा निवाडा त्याने करायचा नाही. इथपर्यंत सगळं माणसाच्या बाजूने आहे.

अडचण पुढच्या टप्प्यात येते. २०११ साली देशभरातून मातृभाषांची १९,५६९ नावं गोळा झाली. छाननी करून, स्पेलिंगचे फरक आणि एकाच भाषेची वेगवेगळी नावं एकत्र करून त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या. आणखी १,४७४ नावं कुठेच बसेनात म्हणून ती अवर्गीकृत राहिली. छापताना १०,०००ची अट लागली. देशभरात दहा हजार किंवा त्याहून जास्त बोलणारे असलेल्या २७० मातृभाषांची नावं आली, त्यांचे गट करून १२१ भाषा झाल्या, उरलेलं सगळं ‘इतर’मध्ये गेलं. ही अट १९७१पासूनची आहे. त्याआधीच्या, म्हणजे १९६१च्या जनगणनेने १,६५२ मातृभाषा नावानिशी छापल्या होत्या.

आता प्रगणक कोर्लईतल्या एका दारात उभा आहे असं समजू. घरातली बाई ‘क्रिस्ती’ म्हणू शकते. मुलगा ‘पोर्तुगीज’ म्हणू शकतो, कारण बाहेरच्याला समजेल असं तेच नाव आहे. कुणी ‘नौ लिंग’ म्हणेल. आणि कुणी ‘मराठी’ म्हणून विषय संपवेल, कारण शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडे तेच लिहिलेलं आहे. चारही उत्तरं आपापल्या परीने खरी आहेत, पण ती एका खोक्यात पडत नाहीत. ‘मराठी’ म्हणणारा ८ कोटी ३० लाख मराठी भाषकांत मिसळतो. ‘पोर्तुगीज’ म्हणणाऱ्याची गणना दूरच्या एका युरोपीय भाषेत होते, जी त्याच्या आजीने कधी बोललेली नाही. उरलेले दोघे ‘इतर’मध्ये. हजार माणसांची भाषा दहा हजारांची पायरी चढूच शकत नाही, नाव कितीही अचूक लिहिलं तरी.

ही भाषा इथे आली कशी

चौलचं बंदर जुनं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज इथे पोहोचले. १५०८ साली चौलच्या समुद्रात मोठी लढाई झाली आणि तिच्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाचा मुलगा लोरेन्सु मारला गेला. १५२१ साली पोर्तुगीजांनी नदीच्या उत्तर काठावर, आज ज्याला आपण रेवदंडा म्हणतो तिथे, किल्ला बांधायला घेतला. समोरची कोर्लईची सोंड निजामशाहीकडे होती. खाडीच्या तोंडावरची ती टेकडी ज्याच्या हातात त्याच्या तोफांखाली बंदर. १५९४ साली पोर्तुगीजांनी ती जिंकली. १६८३मध्ये संभाजी महाराजांनी चौलला वेढा घातला होता, पण ठाणं पडलं नाही. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर उत्तरेतली पोर्तुगीज सत्ता खिळखिळी झाली आणि १७४०च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

सत्ता गेली तेव्हा माणसं सगळी गेली नाहीत. या भाषेचा सगळ्यात खोल अभ्यास अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी केला आहे. १९९६ साली त्यांचं तिच्यावरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यांची मांडणी साधारण अशी आहे : ज्यांच्याकडे पैसा आणि हुद्दा होता ते पोर्तुगीजांबरोबर निघून गेले. मागे राहिले ते किल्ल्याच्या सेवाचाकरीशी बांधलेले, समाजाच्या खालच्या थरातून ख्रिस्ती झालेले लोक. त्यांना जायला जागा नव्हती. त्यांच्याजवळ एक धर्म होता आणि दोन-अडीचशे वर्षांच्या सहवासात घडलेली एक भाषा.

टिकली कशी, हा खरा प्रश्न

भाषा आली कशी याचं उत्तर इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. १७४०नंतर ती टिकली कशी, हे समजून घ्यायला मात्र आजूबाजूची गावं पाहावी लागतात. मला स्वतःला या प्रकरणाचा हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

पहिली तुलना वसईची. वसई १५३४च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली आणि दोनशे वर्षांहून जास्त काळ त्यांच्याकडे राहिली. तिथे ख्रिस्ती समाज कोर्लईपेक्षा कितीतरी मोठा. पण वसईच्या ख्रिस्ती घरांत आज कादोडी म्हणजे सामवेदी, वाडवळी, कोळी अशा मराठीच्या बोली आहेत. धर्म बदलला, आडनावं बदलली, घराची भाषा बदलली नाही. गावंच्या गावं आपल्या जातीसकट, शेतीवाडीसकट ख्रिस्ती झाली, आणि ज्या भाषेत आधी बोलत होती त्याच भाषेत प्रार्थनेनंतर घरी येऊन बोलत राहिली. मुंबई-वसई-साष्टी या पट्ट्यात पोर्तुगीज क्रिओल बोलणारेही होते. गोव्याचे पाद्री आणि भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ साली या उत्तरेकडच्या बोलीचं वर्णन छापलं. ती बोली तिथून नाहीशी झाली. ब्रिटिशांच्या मुंबईत इंग्रजी शिकलेल्याला कचेरीत, रेल्वेत नोकरी होती. इथल्या ख्रिस्ती समाजाने १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी स्वतःसाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं ते ईस्ट इंडिया कंपनीशी असलेलं जुनं नातं दाखवायला. वर जायला शिडी होती, आणि शिडी दुसऱ्या भाषेची होती.

दुसरी तुलना याच जिल्ह्यातली, आणखी जवळची. रेवदंडा, चौल, नवगाव या पट्ट्यात बेने इस्राएल, म्हणजे आपले शनिवार तेली, पिढ्यान् पिढ्या राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव पडलं. रेवदंड्यात त्यांचं सिनेगॉग आहे. धर्म वेगळा, सण वेगळे, लग्नं आपसांतच. वेगळी भाषा जपायला लागतं असं आपल्याला वाटतं ते सगळं त्यांच्याकडे होतं. आणि त्यांची घरची भाषा मराठी होती, अगदी कीर्तनाच्या धर्तीवर बायबलमधल्या कथा सांगण्यापर्यंत मराठी.

म्हणजे धर्म वेगळा असला की भाषा वेगळी राहते, हे काही खरं नाही. कोर्लईत दोन भिंती एकावर एक आल्या. धर्मामुळे गावातल्या हिंदूंशी आणि आसपासच्या मुसलमानांशी रोटीबेटी नव्हती. आणि खालच्या थरातले म्हणून इतर ठिकाणच्या, जातीचा अभिमान सोडून न दिलेल्या ख्रिस्ती लोकांशीही सोयरीक जुळणं अवघड. क्लेमेंट्स यांनी या दुहेरी एकटेपणावर बोट ठेवलं आहे. लग्न गावातच, काम शेतीचं आणि मजुरीचं, तेही गावाभोवतीच. नवरा, बायको, दोन्हीकडचे आजी-आजोबा, सगळे एकच भाषा बोलणारे असले की मूल दुसरं काय शिकणार? आज आपण ज्या भाषेला ठेवा म्हणतो ती ज्यांनी जपली त्यांना तिची किंमत मोजावी लागली आहे. बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या म्हणून ती आत राहिली. तिच्याबद्दल लिहिताना हे विसरून नुसतं कौतुक करणं मला अन्यायाचं वाटतं.

चर्चचा आधार होताच. माउंट कार्मेलच्या मातेचं चर्च गावाच्या केंद्रस्थानी राहिलं. पोर्तुगीज सत्ता गेली तरी गोव्याकडून येणाऱ्या पोर्तुगीज जाणणाऱ्या पाद्र्यांची परंपरा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. त्यामुळे मूळ पोर्तुगीज भाषेचा एक पातळ धागा कानावर पडत राहिला. बोलण्याची भाषा मात्र तोवर फार पुढे निघून आली होती.

मराठी आत शिरली ती शब्दांतून नव्हे

आपल्या मराठीत पोर्तुगीज शब्द कितीतरी आहेत. पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, चावी, बिजागरी, घमेलं, पगार, पाद्री. ही सगळी नामं आहेत. वस्तू आली, तिच्याबरोबर नाव आलं. मराठी वाक्याची घडी त्यामुळे जराही हलली नाही.

कोर्लईत उलटा व्यवहार झाला. शब्द बहुतांशी पोर्तुगीजच राहिले आणि वाक्याची घडी मराठी झाली. पोर्तुगीजमध्ये कर्त्यानंतर क्रियापद आणि मग कर्म येतं. नौ लिंगमध्ये क्रियापद शेवटी जातं, आपण ‘मी पाणी पितो’ म्हणतो तसं. माणूस कर्म असेल तर आपण त्याच्यामागे ‘ला’ लावतो. ‘भात खाल्ला’ पण ‘भावाला पाहिलं’. नौ लिंगमध्येही माणसासाठी असा एक प्रत्यय नामाच्या मागे लागतो. तो निघाला आहे पोर्तुगीज ‘पारा’ या शब्दापासून. पोर्तुगीजमध्ये ‘पारा’ नामाच्या आधी येतो. माल पोर्तुगालचा, मांडणी कुलाब्याची. जुन्या लोकांच्या तोंडी या जिल्ह्याचं नाव अजून कुलाबाच आहे, रायगड झालं ते १९८१मध्ये.

सगळ्यात सुंदर गोष्ट क्रियापदांची. पोर्तुगीजमध्ये क्रियापदांचे तीन गट असतात आणि ते तिन्ही या भाषेत उतरले : ‘कता’ म्हणजे गाणं, ‘बेबे’ म्हणजे पिणं, ‘इर्गी’ म्हणजे उठणं. शेवटचा स्वर आ, ए, ई. पण इथे चौथा गटही आहे, ‘ऊ’चा, आणि तो मराठीतून आलेल्या क्रियापदांसाठी राखलेला आहे. ‘लोटणे’ तिथे ‘लोटू’ होऊन राहतं आणि मग त्याला याच भाषेचे काळाचे प्रत्यय लागतात. माझ्या कानाला त्यात ‘लोटू नको’मधला ‘लोटू’ ऐकू येतो. तीन खोल्यांच्या घराला चौथी खोली जोडावी आणि त्या खोलीत शेजाऱ्याला कायमचं राहू द्यावं, तसं हे झालं आहे. क्रियापदं उसनी घेणं अनेक भाषांत चालतं. त्यांच्यासाठी व्याकरणात स्वतंत्र खोली बांधणं मात्र फार मुरलेल्या सहवासाशिवाय होत नाही.

आणि हा सहवास एकतर्फी होता. ख्रिस्ती घरांतल्या माणसाला मराठी शिकावीच लागे. शेजारच्या मराठी माणसाला नौ लिंग शिकायची कधी गरज पडली नाही. एकाच माणसाच्या डोक्यात दोन भाषा अडीचशे वर्षं शेजारी राहिल्या की वाक्यं एकमेकांसारखी होत जातात. ‘गावात दोन भाषा आहेत’ असं म्हटलं की डोळ्यांसमोर दोन गट येतात, एक या भाषेचा, एक त्या भाषेचा. कोर्लईत एक गट एका भाषेचा आहे आणि दुसरा दोन्ही भाषांचा. लोकसंख्येची बेरीज एक, भाषांची बेरीज त्याहून मोठी.

पूल, शाळा, प्रार्थना

गेल्या साठेक वर्षांत या भिंती एकेक करून खाली आल्या, आणि बऱ्याच बाबतीत त्या खाली यायलाच हव्या होत्या. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनमध्ये भरलेल्या परिषदेने मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकांच्या भाषेत करायला मुभा दिली. महाराष्ट्रातल्या गावासाठी लोकांची भाषा म्हणजे मराठी, असं सरळ समीकरण झालं आणि प्रार्थना मराठीत आली. शाळा मराठीच होती. १९८०च्या दशकात कुंडलिकेवर रेवदंडा-साळाव पूल झाला. जिथे आधी होडी लागत होती तिथून एसटी जाऊ लागली. पुढे साळावला लोखंडाचा कारखाना आला, मुरुड-काशीदच्या पर्यटनाचा रस्ता गावावरून गेला, आणि मुंबई नोकरीच्या आवाक्यात आली.

यातल्या प्रत्येक गोष्टीने माणसाचं भलं केलं आणि भाषेचं एकेक काम काढून घेतलं. तिच्यासाठी घर, शेजार आणि आपसांतल्या गप्पा एवढं उरतं. हे कमी नाही. तिला घर आहे तोवर ती जिवंत आहे, आणि कोर्लईत तिला घर आहे. अभ्यासकांनी ती जोमाने बोलली जाणारी भाषा म्हणून नोंदवली आहे. २०१० साली केरळात कोचीनजवळच्या वायपीन बेटावर तिथल्या पोर्तुगीज क्रिओलचे शेवटचे बोलणारे गृहस्थ वारले. त्यांना आयुष्याच्या अखेरीला ती भाषा बोलायला दुसरं माणूस उरलं नव्हतं. दमण आणि दीवला तिच्या बहिणी अजून आहेत. महाराष्ट्रात मात्र कोर्लई सोडून नाही.

मोजायचं कसं

युनेस्कोसाठी तज्ज्ञांनी २००३ साली भाषेची तब्येत पाहायच्या नऊ कसोट्या मांडल्या. त्यांतली पहिली संख्येची नाही. भाषा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते आहे का, हा पहिला प्रश्न. बोलणाऱ्यांची संख्या दुसरी आणि एकूण लोकसंख्येतलं त्यांचं प्रमाण तिसरं. कोर्लईला हे लावून पाहिलं की तिसऱ्या कसोटीतच माणूस अडखळतो. एकूण लोकसंख्या म्हणजे कुणाची? जिल्हा धरला तर प्रमाण शून्यात जमा. गाव धरलं तर ठळक अल्पसंख्य. गावातला ख्रिस्ती समाज धरला तर ती सगळ्यांची भाषा. छेदात काय ठेवतो त्यावर तीच भाषा मरणासन्न दिसते किंवा ठणठणीत दिसते. माझ्या मते छेदात ज्यांच्या घरात ती वारशाने येते त्यांनाच ठेवायला हवं. बाकीचे तिचे शेजारी आहेत, तिचे वारस नाहीत.

आणि पहिली कसोटी डोकी मोजून कळतच नाही. तिच्यासाठी कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलतं हे पाहावं लागतं. आजी नातवाला हाक मारते त्या भाषेत तो उत्तर देतो का? भावंडं आपसांत भांडतात कोणत्या भाषेत? पैसे मोजताना तोंडातल्या तोंडात आकडे कोणत्या भाषेतले येतात? गावाबाहेरून सून आली तर वर्षभरात ती नौ लिंग शिकते, की तिच्यासाठी सगळं घर मराठीवर येतं? यातला शेवटचा प्रश्न मला निर्णायक वाटतो. जनगणनेची व्याख्याच आईच्या भाषेवर उभी आहे. गावातच लग्नं होत होती तोवर आई आणि आजी एकाच भाषेच्या होत्या. आता सोयरीक दूरवर जुळते, ती जुळायलाच हवी, आणि त्या घरातल्या बाळाशी आई कोणत्या भाषेत बोलेल यावर पुढच्या पन्नास वर्षांचं उत्तर ठरतं. असे दहा-बारा प्रश्न घेऊन घरोघर फिरायला गावातली दोन शिकलेली मुलं आणि एक वही पुरेशी आहे. एका पिढीच्या अंतराने तीच वही पुन्हा भरली तर जे कळेल ते कुठल्याही सरकारी तक्त्यातून कळणार नाही.

कायद्याची बाजू कागदावर तरी बळकट आहे. संविधानाच्या २९व्या अनुच्छेदाने प्रत्येक समाजगटाला आपली भाषा जतन करायचा हक्क दिला आहे. १९५६ साली घातलेल्या ३५० क अनुच्छेदाप्रमाणे भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्याने प्रयत्न करायचे आहेत. दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असलेल्या भाषांच्या नोंदीसाठी म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाकडे २०१३पासून केंद्राची योजना आहे. नौ लिंगमधून अख्खी शाळा चालवावी असं मी म्हणणार नाही. ते ना शक्य आहे, ना गावकऱ्यांना हवं असेल. पण पहिलीच्या वर्गात मूल घरचा शब्द बोललं तर बाईंना तो शब्द भाषेचा आहे, चुकीचा नाही, एवढं माहीत असावं. देवनागरी मुलांना येतेच. आजीचे शब्द, म्हणी, उखाणे देवनागरीत लिहून ठेवायला वेगळ्या लिपीची गरज नाही.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. या वेळी माहिती मोबाइलवर भरली जाईल आणि कुटुंबाला स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय असेल. दहा हजारांची अट कायम राहिली तर छापील यादीत या भाषेचं नाव येणार नाही. पण दारात सांगितलेलं नाव जसंच्या तसं मूळ नोंदीत जातं, आणि छाननीत पहिला घोळ होतो तो एकाच भाषेची चार नावं आल्यामुळे. म्हणून कोर्लईच्या घरांनी आधी आपसांत बसून एक नाव ठरवावं, ‘नौ लिंग’ किंवा ‘क्रिस्ती’, जे त्यांना आपलं वाटेल ते. ते देवनागरीत आणि रोमनमध्ये कसं लिहायचं तेही ठरवावं. मग मातृभाषेच्या रकान्यात प्रत्येक घराने तेच लिहावं, आणि येणाऱ्या दुसऱ्या भाषेच्या रकान्यात मराठी.